कालव्यानं वसवलेलं गाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नोकरीची बहुतेक सगळी वर्षं मी कालव्यांच्या कामांवर काढली. त्यामुळं 'कालवा' म्हटलं, की माझ्या डोळ्यांपुढं एक ठरलेलं चित्र उभं राहतं. धरणाच्या पायथ्यातून निघालेला आणि डोंगराच्या कडेकडेनं गेलेला मोठा पाट. त्याला फुटलेल्या चाऱ्या, चाऱ्यांना पोटचाऱ्या. रात्री दोन वाजता पाळी आली म्हणून हातात बॅटरी घेऊन बांधावर उभा असलेला शेतकरी, आणि त्याच्या शिव्या खाणारा पाटकरी. आपल्याकडे कालवा म्हणजे पाण्याची वाट. तिच्या शेवटाला रान असतं, ऊस असतो, भांडणं असतात.

निवृत्तीनंतर मुलाकडे इंग्लंडला गेलो, तेव्हा हे चित्र एकदम मोडलं. मुलगा वुल्व्हरहॅम्प्टन शहरात राहतो. त्याच्या घरामागून एक कालवा जातो. पहिल्याच सकाळी मी काठावर जाऊन उभा राहिलो. पाच-सात मिनिटं झाली तरी पाणी काही हलेना. काडी टाकून बघितली, ती जिथल्या तिथं. मला वाटलं, पाळी बंद असेल. घरी येऊन विचारलं तर सूनबाई हसली. म्हणाली, "बाबा, हा पाट नाही, रस्ता आहे. यातलं पाणी कुठं जायचं नसतं. पाण्यावरून माल जायचा असतो."

या एका वाक्यानं माझा पुढचा महिना खाऊन टाकला. त्या रस्त्याच्या शेवटाला काय आहे ते बघायचंच असं मी ठरवलं. आमच्या घरामागून सुमारे पंचवीस मैल दक्षिणेला गेलं, की हा कालवा सेव्हर्न नदीला मिळतो. जिथं मिळतो, तिथं स्टाउरपोर्ट नावाचं गाव आहे. या गावाचीच गोष्ट आज मला सांगायची आहे. कारण गाव नदीकाठी वसतं, घाटाच्या पायथ्याशी वसतं, देवळाभोवती वसतं, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कंपनीनं कालवा खणला आणि त्याच्या टोकाला एक गाव उभं राहिलं, असं उदाहरण इंग्लंडातही फारसं सापडत नाही.

अठराव्या शतकाच्या मध्याला इथं लोअर मिटन नावाची वाडी होती. स्टाउर नावाची एक लहान नदी इथं सेव्हर्नला मिळते. १७६०च्या आसपास वस्ती डझनभर माणसांची होती असं सांगतात. धर्मोपदेशक जॉन वेस्ली १७८०च्या दशकात इथं आला, तेव्हा वीस वर्षांपूर्वी जिथं एकच घर होतं तिथं आता दोन-तीन रस्ते झाले आहेत, असं त्यानं आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं. १७९५पर्यंत लोकसंख्या तेराशेच्या घरात गेली होती. बारा माणसांची तेराशे झाली, तीही तीस-पस्तीस वर्षांत.

हे कसं झालं ते कळायला थोडं मागं जावं लागेल. त्या काळचे इंग्लंडचे रस्ते आपल्या पावसाळ्यातल्या पाणंदीसारखे होते. पाठीवर ओझं वाहणारा घोडा जेमतेम सव्वाशे किलो माल नेणार. उत्तरेकडं स्टॅफर्डशायरमध्ये जोसाया वेजवुड हा कुंभारकामातला मोठा कारखानदार चिनी मातीची सुंदर भांडी करत होता, पण ती बाजारात पोचेपर्यंत कितीतरी फुटायची. कोळसा खाणीच्या तोंडाशी स्वस्त, आणि दहा मैलांवर महाग. आता तोच घोडा कालव्याच्या काठानं चालवला आणि त्याच्या दोरीला होडी बांधली, तर तो पंचवीस-तीस टन माल ओढतो. घोडा तोच, चाराही तेवढाच. हा हिशेब एकदा लोकांच्या डोक्यात शिरल्यावर कालव्यांचं वेडच लागलं.

त्या वेडाचा मुख्य माणूस जेम्स ब्रिंडली. १७१६चा जन्म. शिक्षण जवळजवळ नाही. स्पेलिंगं सगळी मनाची. गिरण्यांची चाकं दुरुस्त करणारा कारागीर. एखादं कोडं पडलं की हा माणूस जाऊन अंथरुणात पडे, आणि एक-दोन दिवसांनी उत्तर घेऊनच उठे. कागदावर नकाशे फारसे नाहीत, सगळं डोक्यात. १७६१मध्ये त्यानं मँचेस्टरजवळ अर्वेल नदीच्या वरून कालवा नेऊन दाखवला. खाली नदीतून होड्या, वर पुलावरून होड्या! त्या कालव्यामुळं मँचेस्टरमधला कोळसा निम्म्या किमतीला आला. मग ब्रिंडलीनं मोठा बेत मांडला. ट्रेंट, मर्सी, सेव्हर्न आणि टेम्स या इंग्लंडच्या चार नद्या कालव्यांनी एकमेकींना जोडायच्या. नकाशावर फुलीसारखी आकृती होते. नदीजोड प्रकल्पाच्या चर्चा ऐकत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं हे वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. फरक एवढाच, की त्याला नद्यांचं पाणी जोडायचं नव्हतं, बाजारपेठा जोडायच्या होत्या.

मर्सी आणि सेव्हर्न यांना जोडणाऱ्या या कालव्याला पार्लमेंटची मंजुरी १७६६मध्ये मिळाली. उत्तरेला ग्रेट हेवुडपासून सेव्हर्नपर्यंत छेचाळीस मैल. खर्च एक लाख पौंडांच्या थोडा वर. काम सहा वर्षांत संपलं आणि १७७२च्या मे महिन्यात संपूर्ण कालवा वाहतुकीला खुला झाला. सहा वर्षांत छेचाळीस मैल, यंत्राशिवाय, फावडी आणि एकचाकी ढकलगाड्यांवर! आमच्या काळी डोझर होते, स्क्रेपर होते. आणि किती कालवे किती वर्षं रखडले ते मी आपल्याला सांगायला नको.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कंटाळू नका. कालवा खणणं सोपं, पण त्यात पाणी टिकवणं अवघड. या भागात लाल वालुकाश्म आहे, इतका मऊ की किन्व्हर गावात लोकांनी तो कोरून त्यात घरं केली होती, आणि त्या घरांत अगदी १९६०च्या दशकापर्यंत माणसं राहत होती. अशा खडकात पाणी उभं कसं राहणार? ब्रिंडलीचा उपाय होता चिखल. चिकणमाती पाण्यात कालवायची, थर घालायचे आणि ते तुडवायचे, माणसांनी किंवा जनावरांनी. याला इंग्रजीत 'पडल' म्हणतात. हा शब्द वाचल्यावर मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्या मातीच्या धरणांच्या कामावर मजूरही 'पडल' हाच शब्द वापरत. पायाच्या चरात काळी माती भिजवून तुडवताना साठ-सत्तर माणसं एका ओळीत पाय मारताना मी पाहिली आहेत. त्या मजुरांना काय, मलासुद्धा माहीत नव्हतं, की या कामाचा इंग्लंडातला मोठा उस्ताद एक अर्धशिक्षित गिरणी-मिस्त्री होता. त्यानं म्हणे पार्लमेंटच्या समितीपुढं खोलीतच माती तुडवली, तिची पन्हळ केली आणि तीत पाणी ओतून दाखवलं. आणि नद्या कशासाठी असतात असं कुणी विचारलं तेव्हा 'कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी' असं उत्तर दिलं. खरंखोटं देव जाणे, पण आमच्या व्यवसायातल्या माणसाला हे उत्तर पटेल.

१७७२च्या सप्टेंबरमध्ये, कालवा खुला झाल्यावर चारच महिन्यांनी, ब्रिंडली वारला. एका पाहणीच्या वेळी पावसात भिजला होता, आणि अंगात मधुमेह होता. वय छप्पन्न.

मुलानं मला स्टाउरपोर्टला सोडलं तेव्हा ऑक्टोबरचा महिना होता. मी आपला एक बंदर शोधत होतो. पुलाखालून सेव्हर्न वाहते, रुंद, तपकिरी, बऱ्यापैकी ओढीची. नदीकाठी गवत, बदकं, जत्रेसारखे पाळणे. बंदर कुठं दिसेना. मग एका लाकडी दाराच्या बाजूनं वर चढलो आणि थक्क झालो. नदीच्या पातळीच्या कितीतरी वर, गावाच्या मधोमध, पाण्यानं भरलेल्या गोद्या! एकीला लागून दुसरी, तिच्यापुढं तिसरी. रंगीत होड्या दाटीनं उभ्या. काठाला लाल विटांची गोदामं. त्यांतल्या एका लांबट गोदामाच्या डोक्यावर घड्याळाचा लहानसा मनोरा आहे. ते घड्याळ १८१२मध्ये वर्गणी काढून बसवलेलं.

गोद्या इतक्या वर का? कारण सेव्हर्न. ही ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी, साडेतीनशे किलोमीटरची. वेल्सच्या डोंगरात पाऊस झाला की दोन-तीन दिवसांनी इथं पूर. उन्हाळ्यात उलट, पाणी इतकं उतरायचं की होड्या आठवडेच्या आठवडे वाळूत बसून राहायच्या. कालव्याचं पाणी मात्र बारा महिने एका पातळीला. म्हणजे एका बाजूला लहरी नदी, दुसऱ्या बाजूला शिस्तीचा कालवा. नदीवर चालणाऱ्या होड्या वेगळ्या: 'ट्रो' नावाच्या, रुंद, शिडाच्या, ब्रिस्टलपर्यंत जाणाऱ्या. कालव्यावरच्या होड्या जेमतेम सात फूट रुंद आणि सत्तर फूट लांब. ट्रो कालव्यात मावत नाही, आणि कालव्यातली होडी पुराच्या नदीत टिकत नाही. तेव्हा माल एकीतून काढायचा आणि दुसरीत भरायचा. स्टाउरपोर्ट गावाचं सगळं कारण एवढंच आहे. वरून कोळसा, लोखंडी सामान, चिनी मातीची भांडी. खालून धान्य, साखर, लाकूड. उतरवा, मोजा, वखारीत ठेवा, पुन्हा चढवा. त्यासाठी हमाल लागले, हमालांना घरं लागली, घरांना दुकानं, दुकानांना बँक, व्यापाऱ्यांना उतरायला हॉटेल. कालवा कंपनीनंच नदीकडं तोंड करून एक भलं मोठं हॉटेल बांधलं, टॉन्टीन नावाचं. इमारत अजून उभी आहे, आत आता सदनिका आहेत.

नदीतून गोदीत चढायला पाण्याचे जिने आहेत. 'लॉक' म्हणतात त्यांना. दगडी भिंतींचा एक अरुंद हौद, वर एक दार, खाली एक. होडी खालून हौदात आली की मागचं दार लावायचं आणि वरच्या दाराच्या झडपा किल्लीनं उघडायच्या. वरचं पाणी हौदात येतं, होडी अलगद वर उचलली जाते. पंप नाही, वीज नाही, नुसतं पाणी आणि त्याचं वजन. स्टाउरपोर्टला यांचे दोन संच आहेत. रुंद होड्यांसाठी दोन मोठे लॉक, आणि १७८१च्या सुमाराला अरुंद होड्यांसाठी बांधलेले चार छोटे, दोन-दोन एकमेकांना चिकटलेले. मी एका बाकावर बसून पाऊण तास हेच बघत होतो. एक म्हातारं जोडपं होडी वर घेत होतं. नवरा सुकाणूवर, आणि बायको दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून रेटा देत होती. मीही उठून हात लावला. दार जड असतं, पण पाणी समपातळीला आलं की एका बोटानं सरकतं. त्या आधी चार पैलवान लावले तरी हलत नाही.

पण माझ्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. छोटा लॉक एकदा भरून सोडला की लाखभर लिटर पाणी वरून खाली जातं. दिवसाला पन्नास होड्या धरा. हे पाणी येतं कुठून? कालव्याचा जो सर्वांत उंच भाग, तिथं ते पुरवावं लागतं, आणि त्यासाठी तलाव बांधावे लागतात. म्हणजे रस्त्याच्या या कालव्याच्याही मुळाशी शेवटी धरण आहेच! मला बरं वाटलं. तशा एका तलावाकडं मी पुढं येणार आहे.

आधी शेजारच्या गावाबद्दल बोलू. स्टाउरपोर्टच्या वर, नदीकाठानं चार-पाच किलोमीटरवर ब्यूडली आहे. कालव्याच्या आधी शतकानुशतकं सेव्हर्नवरचं या भागातलं मोठं बंदर ते होतं. १४७२ची राजाची सनद, टोप्यांचा, कातड्याचा, कथिलाच्या भांड्यांचा व्यापार, घोड्यांचे तांडे आणि श्रीमंत सावकार. कालवा मात्र ब्यूडलीला गेला नाही. पुढच्या पन्नास वर्षांत व्यापार खाली सरकला आणि ब्यूडली जागच्या जागी थांबली.

का गेला नाही? ब्यूडलीत चहाच्या दुकानात एका बाईंना मी विचारलं. त्यांनी ताबडतोब गोष्ट सांगितली. ब्रिंडली आधी ब्यूडलीलाच आला होता, पण गावच्या श्रीमंतांनी नाकं मुरडली, 'तुमचा तो घाण वासाचा चर आम्हाला नको' म्हणाले. मग तो रागावून खाली लोअर मिटनला गेला. आणि आमचं गाव बसलं. बाईंनी हे अशा चिडीनं सांगितलं की जणू परवाच झालं असावं!

गोष्ट चांगली आहे, पण खरी नाही. अभ्यासक तिला दंतकथाच मानतात, आणि त्यासाठी कागदपत्रंसुद्धा नकोत, लेव्हल घेतली तरी पुरे. कालवा उतरतो तो स्टाउर नदीच्या खोऱ्यातून, किडरमिन्स्टरवरून. ब्रिंडलीची पद्धतच होती की टेकडी फोडायची नाही, समपातळीची रेषा धरून वळणं घेत जायचं. स्टाउर ज्या जागी सेव्हर्नला मिळते, तिथंच कालवा मिळणार. किडरमिन्स्टरहून ब्यूडलीला जायचं तर मध्ये उंचवटा आडवा येतो, आणि ब्यूडली गाव तर नदीच्या पलीकडच्या, पश्चिम तीरावर आहे. कुणी नको म्हटलं असतं किंवा पायघड्या घातल्या असत्या, तरी रेषा तिथंच गेली असती.

मी हे त्या बाईंना सांगितलं नाही. कारण एक जुनी आठवण झाली. आमच्याकडे एका कालव्याच्या आखणीत एक गाव रेषेच्या वर राहिलं. खालची सगळी गावं भिजली, हे कोरडं. पंधरा वर्षांनी तिथं गेलो तर लोक सांगत होते, की तेव्हाच्या पाटलानं साहेबाला चहा विचारला नाही, म्हणून साहेबानं रेषा खाली फिरवली. तो साहेब मीच होतो. चहा मला आठवत नाही, पण पातळी आठवते. ते गाव रेषेपेक्षा चांगलं सहा मीटर उंच होतं. मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. एक म्हातारा शेतकरी शांतपणे म्हणाला, "साहेब, पाणी चढावर जात नाही हे आम्हालाबी कळतं. पण माणसाची चूक असली, तर कुणाला तरी बोल लावता येतो. डोंगराला काय बोलायचं?"

ब्यूडलीच्या बाबतीतही तेच आहे असं मला वाटतं. आणि खरं सांगायचं तर, त्या म्हाताऱ्याला उत्तर देताना माझा आवाज म्हणावा तितका ठाम नव्हता. त्या गावाचं गणित शंभर टक्के पातळीचं होतं. पण रेषा काढणारे सगळेच आणि सगळ्याच वेळी केवळ पातळीकडं बघून रेषा काढतात, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यामुळं अशा गोष्टी नुसत्या खोट्या म्हणून टाकून देऊ नयेत. लोकांना रेषेबाहेर राहण्याचा अनुभव असतो, गोष्ट त्यातून जन्मते. कोकणातल्या राजापूरला किंवा महाडला जाऊन खाडीच्या गाळाबद्दल विचारा. तिथंही गाळाबरोबर कुणाचा ना कुणाचा शाप सांगितला जातोच.

गंमत अशी, की आज बघायला ब्यूडलीच जास्त सुंदर आहे. नदीकाठची अठराव्या शतकातली घरं, टॉमस टेलफर्डनं बांधलेला १७९८चा पूल, सगळं जसंच्या तसं. पैसा निघून गेला म्हणून जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडं काही उरलं नाही. आणि जो स्टाउरपोर्ट जिंकला, त्याची सद्दी तरी किती? १८१५मध्ये वुस्टर ते बर्मिंगहॅम असा दुसरा कालवा पुरा झाला. बर्मिंगहॅमचा माल खाली सेव्हर्नला थेट जाऊ लागला. १८६२मध्ये रेल्वे आली. भरभराटीची वर्षं मोजली तर पन्नाससुद्धा भरत नाहीत. लोअर मिटनमधल्या ज्या पोरानं कालवा खणताना पाहिला, तो म्हातारपणी उतरती कळाही पाहून गेला असेल.

या सगळ्यात माणसांचं काय झालं, हे इमारतींवरून कळत नाही. सेव्हर्नवर प्रवाहाविरुद्ध होड्या ओढणारी माणसांची टोळकी असत, खांद्याला पट्टा लावून. अठराशेच्या सुमाराला नदीकाठानं घोड्यांसाठी वाट झाली आणि त्या माणसांचं काम घोड्यांनी घेतलं. कालव्यावर रेल्वेच्या स्पर्धेत भाडं उतरलं, तेव्हा नावाड्यांना घरभाडं परवडेना, आणि बायको-मुलं होडीतच राहायला आली. सत्तर फुटांतले साठ फूट मालाला, उरलेल्या दहा फुटांत संसार. होडीच्या बाहेर रंगवलेले गुलाब आणि किल्ले आज पर्यटकांना आवडतात. आत पाच-सहा माणसं निजत. आज इथं, उद्या तिथं, त्यामुळं मुलांना शाळा नाही. जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं यावर रान उठवलं, आणि १८७७ आणि १८८४ असे दोन कायदे झाले. तरी मुलं शाळेत टिकली नाहीत, कारण होडी थांबत नव्हती. ऊसतोडणीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता तो तलाव. स्टाउरपोर्टपासून मैलभरावर विल्डन नावाचं खेडं आहे. तिथं आल्फ्रेड बाल्डविन यांचा लोखंडाचा कारखाना होता. त्यांचा मुलगा स्टॅन्ली बाल्डविन, जन्म ब्यूडलीचा, १८६७चा. तो पुढं तीन वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आपला १९३५चा भारत सरकार कायदा पार्लमेंटात संमत झाला, तेव्हा पंतप्रधान तोच. आल्फ्रेडची पत्नी लुइसा, आणि लुइसाची बहीण अ‍ॅलिस. या अ‍ॅलिसची आणि जॉन लॉकवुड किपलिंग या तरुण कारागिराची भेट १८६३मध्ये स्टॅफर्डशायरमधल्या एका तलावाच्या काठी झाली. लग्न करून दोघं मुंबईला आली, ते जे. जे. कलाशाळेत शिकवू लागले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचं शिल्पकाम त्यांचंच. १८६५च्या डिसेंबरमध्ये मुंबईत त्यांना मुलगा झाला. ज्या तलावाकाठी भेट झाली त्याचं नाव मुलाला ठेवलं: रुडयार्ड. आणि हा रुडयार्डचा तलाव काय, तर कालव्याच्या उंच भागाला पाणी पुरवण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं धरण! जंगल बुकवाल्या किपलिंगला धरणाचं नाव आहे, हे कळल्यावर मी घरी फोन करून चार जणांना सांगितलं. कुणालाही माझ्याइतका आनंद झाला नाही.

स्टाउरपोर्टचं दुसरं आयुष्यही याच बाल्डविनच्या हस्ते सुरू झालं. १९२७मध्ये त्यानं इथल्या विजेच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. त्याला लागणारा कोळसा कॅनकच्या खाणींतून याच कालव्यानं येई, १९४९पर्यंत. म्हणजे रेल्वेनं मारलेल्या कालव्यावर आणखी वीस-बावीस वर्षं घोडे आणि होड्या चालल्या. वीजकेंद्र १९८४मध्ये बंद झालं, आता त्या जागी घरं आहेत. गालिचे, व्हिनेगर, साखळ्या, असे उद्योगही आले आणि गेले.

आणि कालवा? तो १९४८मध्ये सरकारजमा झाला, आणि १९५९मध्ये बंद करण्याचं घाटत होतं. त्याला लोकांनी विरोध केला. टॉम रोल्ट आणि रॉबर्ट एकमन यांनी १९४६मध्ये काढलेल्या अंतर्देशीय जलमार्ग संघटनेनं देशभर हवा तयार केलीच होती. इथल्या लोकांनीही आपलं मंडळ काढलं, फावडी घेतली, गाळ उपसला. पुढं संपूर्ण कालवा संरक्षित क्षेत्र ठरला. एक गोदी मधल्या काळात बुजवून तिच्यावर लाकडाची वखार झाली होती. या शतकाच्या पहिल्या दशकात ती पुन्हा उकरून पाण्यानं भरली. बुजवलेलं बंदर उकरून काढणारी माणसं मी प्रथमच पाहिली.

निघायच्या दिवशी मी पुन्हा स्टाउरपोर्टला गेलो. नोकरीतली एक खोड जात नाही. कुठलाही भराव दिसला की मी त्याच्या बाहेरच्या पायथ्यानं चालतो, पाझर शोधत. ओल, शेवाळ, लव्हाळ्याचा एखादा पुंजका, काहीही. गोद्यांच्या नदीकडच्या उतारानं मी वाकून वाकून चाललो. अडीचशे वर्षं झालेल्या त्या तुडवलेल्या मातीच्या मागं अख्खं बंदर उभं होतं, आणि गवत तेवढं पावसानं भिजलेलं. लॉकवरचा एक स्वयंसेवक, पांढऱ्या दाढीचा, वरून बघत होता. काही हरवलंय का, म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, "गळती बघतोय." तो खाली उतरून आला. "इथं नाही," म्हणाला, "चला, तुम्हाला खरी गळते ती जागा दाखवतो."